चिमण्या म्हणती सरकार

भातकुलीच्या अलीकडच्या एका खेड्याची भिक्षुकी आमच्या घराकडे होती. लग्न, बारसं, श्राद्ध, काही निघालं की वडील अमरावतीहून पायी निघत आणि मी पोथ्यांचं गाठोडं घेऊन मागे. उतरायचं पाटलांच्याच घरी. पाटील उंच, काळेसावळे, आणि बोलायला फार हळू. एक वाक्य सुरू करीत, मध्येच थांबून समोरच्या वावराकडे बघत, आणि मग उरलेलं वाक्य पुरं करीत. घाईच्या माणसाला त्यांच्याशी बोलणं म्हणजे शिक्षा वाटे. मला लहानपणापासूनच वाटे.

मी सात-आठ वर्षांचा असताना एका साली पावसाने दगा दिला. मृगात दोन सरी पडल्या आणि पुढे काहीच नाही. त्या साली पाटलांनी अंगणातलं पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. वरून तोंड लहान, आत दहा-बारा माणसं उभी राहतील एवढी जागा. उघडल्याबरोबर आत उतरत नाहीत, कोंडलेल्या वाफेने माणूस मरतो. पाटील अर्धा दिवस नुसते काठावर बसून राहिले, मी त्यांच्या शेजारी. मग दोराने पेटता दिवा सोडला, तो विझला नाही तेव्हा स्वतः उतरले. जुन्या ज्वारीला आंबूस वास येत होता. गावातल्या प्रत्येक घरी त्यांनी पायलीने ज्वारी मोजून दिली, आणि आमच्या घरी बैलबंडीत घालून पोचवली. वडील संकोचले तेव्हा म्हणाले, "महाराज, हे काही दान नोय. घरचं हाय, घरी आलं." त्या ज्वारीच्या कण्या खाऊन आम्ही ते वर्ष काढलं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते हे माहीत असून केलं.

मोठा झाल्यावर मला अमरावतीच्या सरकारी शाळेत मास्तरकी मिळाली. त्याच सुमारास समुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि आमच्या वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या बोंडांना असा भाव आला की जुने व्यापारी आकडा ऐकून पुन्हा विचारीत. ज्यांच्या घरी पितळेचा तांब्या नव्हता त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. एका गृहस्थाने बंडीच्या चाकाला चांदीची पट्टी मारली असं सगळे सांगत. मी ती बंडी कधी पाहिली नाही, पण सांगणारे पुष्कळ भेटले. ज्वारी, तूर, जवस, जे असेल ते काढून लोक कापूस पेरू लागले. गावोगाव पांढरं दिसू लागलं.

मला तेव्हा चार ओळींची विनोदी कवनं करण्याचा नाद होता. नाद कसला, हातखंडा होता. शाळा सुटली की मी कापसाच्या बाजारात एका आडत्याच्या ओट्यावर जाऊन बसे. दलाल, व्यापारी, बंडीवाले तिथे पान खायला जमत. कोणी म्हणे, "मास्तर, होऊन जाऊ द्या," आणि समोरून जो जात असेल त्याच्यावर मी जागच्या जागी कवन करी. लोक मांड्यांवर थापा मारून हसत. दिवसभर बाराखडी घोकून घेणाऱ्या माणसाला ते हसू किती गोड लागत असेल, हे त्या धंद्यातल्यालाच कळेल.

आश्विन महिना असेल. बाजाराचा दिवस होता. पाटील खांद्यावर पाच-सहा नव्या गोफणी टाकून ओट्याकडे आले. त्यांच्या सगळ्या शिवारात त्यांची एकट्याची ज्वारी उभी होती, त्यामुळे आजूबाजूच्या चार गावांची पाखरं तिथेच उतरत, आणि राखणीला माणसं जास्त लागत. त्यांनी सगळ्यांना रामराम केला. आडत्या म्हणाला, "काहून हो पाटील, साऱ्या मुलखानं कापूस लावला न तुमी अजून जवारीच धरून बसले?"

पाटलांनी गोफणी खाली ठेवल्या. म्हणाले, "त्याचं असं हाय..." आणि नेहमीसारखे थांबले. रस्त्यापलीकडे कुठेतरी बघत राहिले.

त्या थांबण्यात मी कवन टाकलं.

गावानं पेरला कापूस,
गाव झालं सावकार;
पाटलानं पेरली जवारी,
चिमण्या म्हणती 'सरकार!'

काय हशा झाला! एका दलालाच्या तोंडातलं पान बाहेर पडलं. कोणी चिवचिवाट करून पाटलांना मुजरा केला. आडत्याने मला परत म्हणायला लावलं, मी परत म्हटलं, तिसऱ्यांदा सगळ्यांनी मिळून म्हटलं. पाटीलही हसले. "बरं जमलं मास्तर," म्हणाले, गोफणी उचलल्या आणि बंडीकडे गेले. त्यांचं वाक्य पुरं व्हायचं राहूनच गेलं. ते काय बोलणार होते हे मला ठाऊक होतं. पेवाच्या काठावर मी स्वतः बसलो होतो.

पुढे या गोष्टीचा मी फार विचार केला. कवन करताना मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. गावाने कापूस पेरला होता, पाटलांनी ज्वारी पेरली होती, चिमण्या येत होत्या. फक्त 'कारण' हा शब्द त्यात नव्हता, आणि 'पण' हाही नव्हता. चार ओळींच्या कवनात हे दोन शब्द घातले की ते मरतं. साध्या लिहिण्यात या दोन शब्दांवाचून पानभरही पुढे सरकता येत नाही. हा फरक मला तेव्हा कोणी सांगितला असता तर मी त्याच्यावरही कवन केलं असतं.

कार्तिकात मी कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलो. वर्धेच्या वाळूत राहुट्या लागल्या होत्या. एका राहुटीपुढे डफावर एक तमासगीर गात होता आणि त्याच्या गाण्यात माझं कवन आलं. त्याने त्याला चाल लावली होती, शेवटच्या 'सरकार'वर डफाचा दणका देई आणि नाच्या कमरेत वाकून सलाम करी. लोक लोळत होते. मी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगितलं, "हे माझं आहे." तो म्हणाला, "खरं काय?" आणि परत हसू लागला. त्या दिवसाइतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. लाज वाटायला मला बरेच महिने लागले.

ती वाटायला लावली ती पाटलांनीच, तीही न रागावता. चैत्र संपत आला होता. ते सकाळी आमच्या घरी आले, वडिलांच्या पाया पडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, एक काम होतं."

मी पाट दिला. ते बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत. या खेपेला मी मध्ये बोललो नाही.

"मोठा पोरगा अंजनगाव सुर्जीले सासुरवाडीले गेला होता," ते म्हणाले. "त्याचा साळा म्हणे, या सरकार, चिमण्या बऱ्या हायत काय? तो जेवला नाही, तसाच उठून आला. सुना विहिरीवर जातेत तं बाया चिवचिव करतेत. धाकटा म्हणते, बा, तुह्या जवारीपायी आमाले तोंड दाखवाची सोय नाही राह्यली. दोघंही म्हणून राह्यले, यंदा सारं वावर कापसाखाली घेऊ."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू? मी जे म्हणतो ते लांब हाय. ते तोंडात येते तवरी ऐकणारा चालला जाते." मग थोडं थांबून म्हणाले, "तुमी एक दुसरी ओळ लिवा. जवारीच्या बाजूनं. तुमच्या तोंडची पहिली लोकाईनं घेतली, तं हेही घेतीन."

मी हो म्हटलं. मला वाटलं, तासाभराचं काम आहे. तीन दिवस मी त्याच्यामागे लागलो. जे झालं ते असं:

कापूस घाला अंगावरती,
जवारी घाला पोटात;
दोन्ही पेरा, सुखी राहा,
हित हे ठेवा ध्यानात.

छंदात कुठे अडत नव्हतं, यमकही होतं. पण ओट्यावर म्हटलं तेव्हा लोकांनी पान चघळत माझ्याकडे बघितलं, पुढे अजून काही आहे का म्हणून. या ओळींत कोणाचीच फजिती होत नव्हती, आणि ज्यात फजिती नाही ते लोक पाठ करीत नाहीत. मी शहाण्या माणसावर हसण्याचं कवन केलं होतं. शहाणपणाचं कवन मला येत नव्हतं.

मग मी ठरवलं की सरळ लिहायचं. गद्यात. आठ दिवस खपून मी एक निबंध लिहिला. त्यात दुष्काळाचं साल होतं, पेव होतं, दिवा कसा सोडला ते होतं. लढाया संपतात, तशी ही लढाईही कधीतरी संपेल, हे होतं. सगळा मुलूख कापूस पेरील तर भाकर कुठून येईल, हे होतं. कापूस पेरूच नका असं मी कुठेच म्हटलं नव्हतं. चार वावरांपैकी एक धान्याखाली ठेवा एवढंच मागणं होतं. मी आयुष्यात लिहिलेल्यांपैकी ते सर्वांत खरं लिहिणं होतं. पाटलांना निरोप धाडला आणि एका बाजाराच्या दिवशी ओट्यावर वाचायला बसलो.

पहिलं पान लोकांनी ऐकलं, कारण माझ्याकडून हसायची सवय होती आणि हसण्याची जागा आता येईल असं त्यांना वाटत होतं. दुसऱ्या पानावर एक व्यापारी उठला. त्याला बंड्या बघायच्या होत्या. तिसऱ्यावर दोघे आपसात बोलू लागले. चौथ्यावर आडत्याने जांभई दिली आणि मोठ्या प्रेमाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मास्तर, हे राहू द्या आता. ते चिमण्याचं म्हणा एकडाव, हे नवे पाव्हणे आले हायत, त्याईनं ऐकलं नाही."

पाहुण्यांनी मान डोलावली. मी म्हटलं नाही. मग आडत्यानेच म्हटलं, आणि ओटा हसला.

पाटील खांबाला टेकून शेवटपर्यंत बसले होते. माणसं पांगल्यावर म्हणाले, "उरलेलं वाचा." मी उरलेली तीन पानं त्यांच्या एकट्यापुढे वाचली. भर उन्हात, रिकाम्या ओट्यावर. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "बराबर लिवलं. मले सांगाचं होतं ते सारं आलं त्यात." आणि काही वेळाने, "पण एवढा वेळ कोण थांबते, मास्तर? पोरं माहे असून थांबत नाहीत." उठताना त्यांनी सांगितलं की यंदा सगळं वावर पोरांच्या मनासारखं होईल. "आता मी आडवा येत नाही. लोक हसतेत त्याचं मले काही वाटत नाही. पोरं मान खाली घालतेत, ते पाहावत नाही."

त्या साली त्यांच्या शिवारात ज्वारीचं एक कणीस नव्हतं. पेवात होतं तेवढं आधल्या सालचं खाऊन संपलं. कापूस भरघोस आला, पण वेचणी सरते न सरते तोच बातमी आली की तिकडची लढाई मिटली. मग भाव असा घसरला की बाजारात आलेल्या बंड्या तशाच परत फिरल्या. ओट्यावर आता कोणी कवन मागत नव्हतं. आणि धान्य कुठेच नव्हतं. नागपूरकडून बंड्यांनी यायचं ते वाटेतच संपे. ज्या बाजारात वर्षापूर्वी चांदीच्या शेंब्या विकत मिळत, तिथे बाया पदर पसरून ज्वारीचा भाव विचारीत आणि ऐकून तशाच परत जात. त्यातच पुढच्या पावसाळ्याने ओढ दिली. हे सगळं माझ्या चार ओळींनी घडवलं असं म्हणण्याइतका मी वेडा नाही. मुलूखच तसा वाहत होता. पण त्या वाहण्यात एक माणूस पाय रोवून उभा होता आणि त्याला ढकलणारा हात माझा होता, एवढं मला नक्की सांगता येतं.

पुढच्या वर्षी माझी बदली अकोल्याच्या शाळेत झाली. आगगाडीची लाइन तेव्हा अकोल्यापर्यंत येत होती. गावाबाहेर मातीचा लांबच लांब भराव घालणं चाललं होतं आणि वऱ्हाडभरची माणसं तिथे टोपल्या वाहायला आली होती, कारण तिथे रोजच्या रोज धान्य मिळे. एका रविवारी सकाळी मी सहज तिकडे गेलो. भरावावर माती ठोकणाऱ्यांची एक रांग होती. सगळे मिळून धुमस उचलीत आणि एका दमात खाली हाणीत. दम जुळावा म्हणून त्यांना गाणं लागतं. एकजण ओळ सांगे, बाकीचे झेलत.

ते माझं कवन गात होते. 'सरकार'वर धुमस पडत होती.

मी उलटा फिरणार होतो, तेवढ्यात टोपल्या वाहणाऱ्यांत पाटील दिसले. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मातीची टोपली, अंगावर नुसतं धोतर. पायही त्याच ठेक्यावर पडत होते. ओठ हलत होते. तेही म्हणत होते.

त्यांनी मला ओळखलं. टोपली रिकामी करून जवळ आले, हात झटकले, आणि पूर्वीसारखाच रामराम केला.

"पोरं हायत इथीच, पुढच्या टोळीत," ते म्हणाले. "म्हातारी गावातच हाय, घर धरून. नातीले देवी आल्या, ते गेली."

"पाटील," मी म्हटलं, "हे गाणं... यांना ठाऊक आहे का, की तो पाटील..."

"नाही न. कोणाले मालूम? कोणी खानदेशचा, कोणी मोंगलाईतला. त्याईले वाटते कोणी एखादा येडा पाटील असंन कुठी." मग नेहमीसारखे थांबले आणि भरावाकडे बघत म्हणाले, "ओझं उचलाले बरी पडते, मास्तर, तुमची ओळ. ठेका चांगला हाय."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. मुकादमाने हाक दिली आणि ते गेले.

मी त्यांना घरी जेवायला बोलवायचं ठरवलं होतं. आज-उद्या करता पंधरा दिवस गेले. पावसाळ्याच्या तोंडाला कामकऱ्यांच्या झोपड्यांत पटकीची साथ शिरली. मला कळलं तेव्हा पाटलांना मोर्णेच्या काठावर अग्नी देऊन दोन दिवस झाले होते. धाकटा मुलगा सांगायला शाळेत आला होता. सकाळी टोपली उचलली, दुपारी आडवे झाले, दिवे लागायच्या आत गेले. तो दाराशीच उभा होता. मी आत बोलावलं, तो आला नाही. "बा म्हणे, मास्तराले सांगजा," एवढंच म्हणाला आणि परत फिरला. काय सांग म्हणाले होते, की नुसतं गेल्याचंच सांग म्हणाले होते, हे मी विचारलं नाही.

त्यानंतर मी कवन केलं नाही. मोठा निश्चय वगैरे काही नव्हता. पहिली ओळ सुचली की मी उठून दुसरं काही करू लागे. मी पाटलांची सगळी हकिकत लिहायला घेतली. त्यांचं बोलणं, त्यांचं थांबणं, पेव, गोफणी, सुना, भराव. चाळीस पानं झाली. वर्षभर शाळेनंतर मी तेच करीत होतो. मला वाटत होतं, कवनात जो माणूस अडकून पडला आहे त्याला या पानांतून बाहेर काढता येईल. पुरं झाल्यावर मी ते घेऊन त्यांच्या गावी गेलो. पाटलीणबाई अंगणात अंबाडी सोलत होत्या. पेवाचं तोंड खचलं होतं, त्याच्यावर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. मी म्हटलं, "पाटलांचं लिहून आणलंय. वाचू का?"

"वाचा बाप्पा."

त्या हातातलं काम न थांबवता ऐकत होत्या. दुपार कलली. मध्ये दोनदा डोळे पुसले. पेवात दिवा सोडण्याचं आलं तेव्हा म्हणाल्या, "दोर माह्या हातात होता." मी ते समासात लिहून घेतलं. शेवटचं पान झाल्यावर त्यांनी सोललेली अंबाडी बाजूला सारली.

मग म्हणाल्या, "सारं खरं हाय. पण हे मले मालूमच हाय, मास्तर. ज्याईले मालूम नाही, त्याईले कोण वाचून दाखवीन?"

मी म्हटलं, छापता येईल, लोक वाचायला शिकत आहेत, शाळा निघत आहेत.

"त्यात ते चिमण्याचं लिवलं काय तुमी?"

"लिहिलंय. ते लिहिल्यावाचून पुढचं कळत नाही."

त्यांनी अंबाडीची काडी मोडली. "मंग लोक तेवढंच घेतीन," म्हणाल्या.

घरी येऊन मी ते पान फाडून टाकलं आणि सगळं पुन्हा वाचून पाहिलं. पोरं बापाच्या उलट का गेली, माणूस घर सोडून भरावावर का आला, कशाचीच संगती लागेना. मग ते पान पुन्हा लिहून होतं तिथे लावलं. छापायला कोणाकडे धाडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याने येऊन आईला आपल्याबरोबर नेलं असं गावच्या महाराने सांगितलं. लाइन तोवर अकोल्याच्या पुढे बडनेऱ्याकडे गेली होती. मी बडनेऱ्याला जाऊन दोनदा चौकशी केली. मुकादम म्हणाला, त्या टोळ्या पुढे सरकल्या, कोण कुठे गेलं याचा पत्ता राहत नाही. त्या घरातलं कोणी मला पुन्हा भेटलं नाही.